भुऱ्याची तहान

आमगाव

प्रिय यमुना,

तू असताना तुला कधी नावानं हाक मारली नाही. ‘अवं’ म्हटलं की तू यायचीस. आज पहिल्यांदाच तुझं नाव लिहितो आहे. परवा सकाळी तुझा भुऱ्या गेला. तुझ्याविषयी बोलावं असं या घरात आता कोणीच उरलं नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतो आहे.

स्वराज्य आलं त्या साली बोदलकशाच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांकडून ते कुत्र्याचं पिल्लू तू पदरात घेऊन आलीस. मी किती चिडलो होतो! "शाळेत साठ पोरं सांभाळतो, घरी हे कायले?" तू त्याच्यापुढं दुधाची वाटी ठेवलीस. तू गेल्यावर दोन वर्षं तोच कुत्रा माझ्या तोंडाकडं पाहत बसायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याची तहान वाढली. घंघाळ रिकामं करायचा, पुन्हा यायचा. मग ओसरीत मुतायला लागला. एकदा तर तुझ्या गोधडीवर! मी काठी उगारली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याचं भांडंच उचलून ठेवलं. प्यायलाच मिळालं नाही तर मुतेल कशाला, एवढंच माझं डोकं चाललं.

चार दिवसांत तो आडवा झाला. ओकायचा, तोंडाला उग्र वास यायचा. शेजारची काशीबाई कुंपणावरून ओरडली, "पाणी काऊन बंद केलं गुरुजी? जनावर मरून राहिलं ना जी!"

रेल्वेत गार्डाच्या डब्यातून त्याला गोंदियाला नेलं. गुरांच्या दवाखान्यात सगळे बैल आणि म्हशी, त्यात मी कुत्रा घेऊन! डॉक्टरांना त्याची लघवी तपासायची होती. मी टमरेल घेऊन अंगणभर त्याच्या मागं फिरलो. बैलगाडीवाले पोट धरून हसले. तू असतीस तर तोंडात पदर कोंबून हसली असतीस. मलाही हसू आलं. घरी येऊन कोणाला सांगणार होतो ते?

डॉक्टरांनी ती लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली. आधी पाण्यासारखी फिकी होती, तापल्यावर शिजलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली.

"इसके गुर्दे खराब हैं, गुरुजी," ते म्हणाले. "मूत्रपिंडं बऱ्याच दिवसांपासून बिघडलीत. गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळायचं."

पाणी बंद केल्याचं मी सांगितलं, तसे ते ताडकन उठले. "अहो, जास्त पितो म्हणून मुततो, असं नाही! गुर्द्यांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून बिचारा पितो. पानी कभी मत रोकना!"

यमुना, परतीच्या गाडीत भुऱ्या पायाशी होता, पण मला तूच दिसत होतीस. तापात तीन दिवस तू पाणी मागत होतीस. वैद्य नको म्हणाले होते, आणि मी ओल्या फडक्यानं तुझे ओठ पुसत राहिलो. "घोटभर द्या ना जी," म्हणालीस. मी दिलं नाही. दिलं असतं तर वाचली असतीस का? माहीत नाही. पण तहानलेली तर गेली नसतीस! आणि तूही इतकी कशी गं ऐकणारी? माझ्यावर ओरडली का नाहीस?

भुऱ्या पुढं आठ महिने जगला. घरात तीन ठिकाणी पाणी भरून ठेवायचो. मासे, मटण बंद. मऊ भात, त्यात जरासं अंडं, थोडं तूप, मीठ नाही. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा हातानं भरवायचो. बाजाराच्या दिवशी धान्याच्या काट्यावर तोलायचो. मध्ये चांगला भरला होता, स्टेशनापर्यंत माझ्यासोबत यायचा. मग पुन्हा उतरत गेला. परवा उन्हात बसला होता, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि श्वास थांबला. काशीबाईच्या नवऱ्यानं बांधाशी खड्डा खणून दिला. घरी आलो तर चार वेळा भरवायला कोणीच नाही. दिवस किती लांब असतो गं!

आता एक सांगायचं राहिलं. तेरवीला तुझ्या भावानं विचारलं होतं, "बाईनं जाताना काही मांगलं का जी?" मी म्हणालो, "नाही." तेव्हापासून त्याची सगळी बोलावणी टाळली. त्याला वाटतं, बहीण गेली तसा जावई परका झाला.

येत्या रविवारी तिरोड्याला त्याच्या घरी जातो. तू काय मागत होतीस आणि मी काय केलं, ते त्याला सांगतो. त्यानं दारातून परत पाठवलं तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय येणार नाही. हा शब्द तुला.

तुझा,
गणपत