पापानचा पक्का लाल

त्लातेलोल्को, १२ सप्टेंबर १५७६

काल पापानला मठामागच्या मोठ्या खड्ड्यात ठेवलं. माझ्या बायकोला वेगळी जागा मिळाली नाही. कुणालाच मिळत नाही आता. पाद्रीबाबांनी सगळ्यांची मिळून एकच प्रार्थना म्हटली.

सासूबाई मागे उभ्या होत्या. शालीखाली त्यांचं पिवळं कुत्रं! "जावईबापू, हे तिच्यासोबत द्या. मेलेल्यांच्या वाटेत नदी आहे. माझ्या पोरीला पलीकडे कोण नेणार?"

मी नको म्हटलं. पाद्रीबाबा बघत होते. त्यांच्याच शाळेत शिकलो मी.

सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीत.

१४ सप्टेंबर

घर झाडलं. तिचा रंगाचा पसारा तसाच पडलाय – निवडुंगावरचे वाळवलेले किडे, तुरटी, कुटायचा दगड. दगडावर तिच्या बोटांच्या लाल खुणा. घासून बघितल्या. जात नाहीत.

हा रंग गोण्यांत भरून बंदरावर जातो, तिथून जहाजाने समुद्रापार. उन्हाळ्यात बेनितो – आमच्या गल्लीतला, समुद्रापारच्या कास्तीलहून आलेला व्यापारी, तिचा रंग तोच घ्यायचा – जहाजातून आलेल्या कापडाची एक पट्टी तिला देऊन गेला. लाल लोकर. पापानने नखाने खरवडलं, वास घेतला आणि हसत सुटली. "अहो, हा तर माझाच! समुद्र बघून परत आला!" गल्लीतल्या सगळ्या बायकांना दाखवून झालं. मग डोक्याला बांधून फिरली.

नाकातून रक्त आलं तेव्हा तिने तीच पट्टी नाकाला लावली. लालावर लाल. दोन दिवस आम्हाला कळलंच नाही.

१७ सप्टेंबर

समोरच्या घराचं दार उघडं आहे. आत कुणी नाही. कोंबड्या आतबाहेर करतात.

बेनितो आला होता. उरलेला रंग मागत होता – जहाज थांबणार नाही म्हणे. त्याच्या घरी कुणाला साधी शिंकही नाही. त्याच्याकडे कामाला होत्या त्या आमच्यातल्या दोघी मात्र गेल्या. "आमच्यावर देवाची कृपा आहे," तो म्हणाला. तसं वाईट मनाने म्हणाला नाही.

सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. "असणारच की! देव तुमच्याच जहाजातून उतरला ना, बाकीच्या सामानाबरोबर!"

बेनितो हसला. मी नाही. रंगाची गोणी त्याला देऊन टाकली. मडकंही धुऊन पालथं घातलं. घरात आता रंगाचा कण नाही.

२१ सप्टेंबर

दुपारी शोको कालव्याच्या काठावर बसली होती. पाण्याशी बोलत होती. धाकटी माझी. आता एकुलतीच.

"कुणाशी गं?"

"आईशी. ती पलीकडे जात नाहीये, बाबा. पाणी खोल आहे म्हणते. तिच्याकडे कुत्रं नाही ना."

तिला उचलून घरात आणलं. पाणी अगदी स्थिर होतं.

२२ सप्टेंबर

सासूबाईंना विचारलं. त्यांनी शोकोला कुत्र्याबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या.

२६ सप्टेंबर

शोकोला ताप. जीभ काळी पडली आहे. सारखं पाणी मागते. पापानलाही अशीच तहान लागायची.

मधेच शहाण्यासारखी म्हणाली, "आईला तिथे एकटीला करमत नाही."

सासूबाईंनी माझा दंड धरला. "ऐकलंत? ती काठावर आहे तोवर हाका मारणारच. आईच आहे ती! तिला पलीकडे पोचवा, एस्तेबान. पोर वाचवायची असेल तर पोचवा." नाव घेऊन कधी बोलल्या नव्हत्या.

२७ सप्टेंबर

कुत्रं घेऊन गेलो. भर दिवसा. पाद्रीबाबांनी पाहिलं असेल तर पाहू दे.

सासूबाईंनी सांगितलं तसंच केलं. कच्च्या सुताचा पांढरा धागा गळ्यात सैल बांधला. तिचं नाव घेतलं. मग त्याचा जीव घ्यायचा होता. त्याने माझा हात चाटला. असली कुत्री आता राहिलीत कुठे? कास्तीलच्या थोराड कुत्र्यांनी सगळी संपवली. मला झालं नाही. म्हटलं, "जा. तिच्याकडे जा." ते खड्ड्याच्या कडेकडेने गेलं आणि लव्हाळ्यात शिरलं. वळून पाहिलं नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. "जिवंत सोडलंत? अहो, मारलेलं कुत्रं नदी एकदाच ओलांडतं. जिवंत कुत्र्याला परतीची वाट ठाऊक असते!"

३० सप्टेंबर

ताप उतरला! शोकोने मक्याची पेज मागितली. वाडगाभर प्यायली.

"आई गेली पलीकडे," म्हणाली.

"तुला हात केला का गं?"

"कसा करणार? दोन्ही हातांनी कुत्रं धरलं होतं तिने."

देवळात मेणबत्ती लावून आलो. कशासाठी, ते देवाला सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर

शोको अंगणात खेळते. सासूबाई तिच्यावर ओरडतात. बरं वाटतं ऐकायला.

१५ ऑक्टोबर

दुपारी कुत्रं दारात उभं होतं.

चांगलं धष्टपुष्ट. गळ्यात तोच धागा, मीच बांधलेली गाठ. पण धागा लाल आहे.

आधी वाटलं, रक्त. पण रक्त वाळलं की काळपट पडतं. हा लखलखीत लाल आहे. पाण्यात चोळला, रंग सुटला नाही. तुरटीत नीट मुरवलेला. एवढा पक्का लाल या गल्लीत एकीलाच जमायचा.

सासूबाईंनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा शोकोकडे. झडप घालून पोरीला आत ओढलं.

१६ ऑक्टोबर

उजाडताच सासूबाई शोकोला घेऊन होडीने निघाल्या. तळ्याच्या दक्षिणेला त्यांच्या बहिणीकडे. तिकडे अजून आजार नाही म्हणतात. मी कुत्र्याला घट्ट धरून ठेवणार होतो, होडीमागे पोहत जाईल म्हणून. धरावं लागलं नाही. त्याने होडीकडे बघितलंसुद्धा नाही.

किती हायसं वाटलं! होडी दिसेनाशी होईपर्यंत मी काठावर उभा होतो. शोको हात करत होती. कुत्रं माझ्या पायाशी बसून होतं.

१८ ऑक्टोबर

आज लिहायला बसलो, तर पानावर लाल थेंब पडला. क्षणभर वाटलं, रंगच.

वाळून काळपट झाला. कुत्रं उठून दाराशी उभं राहिलं आहे.