समोरच्या माणसाचा चमचा

चोन्जू, ता. २४ मे १९९६

प्रिय मालसुन हिस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र नाही, म्हणजे लसणाची काढणी चालू असणार. आईचे गुडघे कसे आहेत? अजून रात्रीची उठून दार उघडते का?

इकडे माझी पार दमछाक झाली आहे. ऑगस्टमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीचा गट सुवार्तेच्या कामासाठी मंगोलियाला जातोय. जायचं आहे दहा दिवस, पण तयारी अशी, की जणू आम्ही तिकडेच म्हातारे होणार. पहाटे प्रार्थना आणि संध्याकाळी पंख्यांचा नाच. पन्नाशीच्या आम्ही बायका रेशमी हानबोक घालून गिरक्या घेतो आणि तरुण पोरं तोंड फिरवून हसतात. मंगोल भाषेतलं एक गीत आपल्या कोरियन लिपीत लिहून पाठ केलंय. अर्थ विचारलास तर पाळकांनाही सांगता येणार नाही. टी-शर्टाच्या रंगावरून तर दोन बैठका झाल्या.

स्वयंपाक अर्थात माझ्याकडे. मागच्या वर्षी फिलिपिन्सहून परतले तेव्हा शेजारणीनं समुद्र कसा होता म्हणून विचारलं. मी म्हटलं, पातेली बरी होती. तुझ्याकडची सुकी मासळी पाठव, आणि आईच्या हातची कोचुजांग, तिची ती लाल मिरचीची चटणी, उरली असेल तर तीही. चिकटपट्टी गुंडाळून पाठव, मागच्या वेळी सगळं पार्सल तिखट झालं होतं.

लोभ आहेच, मासळीसोबत तोही थोडा बांधून दे.
तुझी,
सुनदोकताई

कोहुंग, ता. ६ जून

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

मासळी पाठवली आहे. कोचुजांग मी केलेली आहे; आईला आता प्रमाण आठवत नाही.

ताई, एक मागते. यंदा मंगोलियाला जाऊ नकोस. ते दहा दिवस इथे ये आणि आईजवळ बस. मी कुठे जाणार असं विचारशील, तर कुठेच नाही. बंदरावरच्या एखाद्या खोलीत झोपेन नुसती. आई रोज रात्री दार उघडते. परवा अनवाणी लसणाच्या शेतात जाऊन उभी होती, कुणाची वाट बघतेस विचारलं तर म्हणाली, सुनदोकची बस येईल ना आता. तिला आत आणलं आणि मग मीच पायरीवर बसून रडले. तिला सांभाळायचा कंटाळा नाही गं. मी थकले आहे, एवढंच.

नाही म्हणालीस तरी राग मानणार नाही.
तुझी,
मालसुन

चोन्जू, ता. १५ जून

प्रिय मालसुन हिस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. पण मी कशी येऊ? पाळकांनी उपासनेत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंय. फलकावरही छापलंय. मी नाही गेले तर त्या एवढ्या माणसांना जेवू कोण घालणार? एकदा देवाला हो म्हटल्यावर पाय मागे घ्यायचा नाही, हे आईनंच आपल्याला शिकवलं.

सगळी मंडळी आईसाठी प्रार्थना करते. चुसोकच्या सणाला मी नक्की येईन, चांगले दोन दिवस राहीन. तोवर दाराला वरच्या बाजूनं कडी लाव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुनदोकताई

कोहुंग, ता. २३ जून

ताईस सलाम.

कडी लावली. आता आई खिडकी उघडते.

आणखी एक सांगते, मग या विषयावर लिहिणार नाही. तांदूळ धुण्याआधी घरातल्या माणसामागे एक चमचा देवाच्या पिशवीत काढायची आईची रीत तुला ठाऊकच आहे. बाकी सगळं विसरली, हे नाही विसरली. दर जेवणाला चमचा भरते आणि मोठ्यानं नाव घेते. एक सुनदोकचा, एक जावईबापूंचा, एक फौजेतल्या नातवाचा. मग पिशवीची गाठ मारते. माझा चमचा नाही.

रविवारी ती पिशवी चर्चमध्ये मीच नेते. परवा न राहवून विचारलं, आई, माझा कुठाय? तर मलाच वेड्यात काढलं. म्हणाली, तू तर ही काय समोर बसली आहेस. जी माणसं लांब आहेत त्यांना सांभाळायला देवाला सांगावं लागतं, तुला काय धाड भरली आहे?

तुझ्या मंडळीनं आईसाठी प्रार्थना केली, बरं झालं. माझं नाव कुणी घेतलं का?

मालसुन

चोन्जू, ता. १ जुलै

प्रिय मालसुन हिस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग पहाटेच्या प्रार्थनेत तुझं नाव घ्यायला गेले आणि ओंजळीत तोंड लपवलं. शेजारच्या बाईला वाटलं, मी पवित्र आत्म्यानं भरले. मी हुंदके देत होते.

पाळकांकडे गेले आणि सांगितलं, मी येत नाही, मी आईजवळ राहते, माझ्या जागी माझी बहीण येईल. ते म्हणाले, बाई, मग जेवणाचं काय? मी म्हटलं, किमची आणि सगळ्या सुक्या भाज्या डब्यांत भरून देते, भात टी-शर्टवाली पोरं शिजवतील. आणि अट घातली, की माझी बहीण चुलीजवळ जाणार नाही. पाळक जरा घुटमळले, पण हो म्हणाले. फलकावरच्या माझ्या नावावर चिठ्ठी चिकटवून तुझं लिहिलं आहे.

आता मला जमणार नाही, इंग्रजी येत नाही, विमान पाहिलेलं नाही, असली रड लावू नकोस. मलाही येत नाही. तिथे तुला फक्त पंखा हातात धरून शेवटच्या रांगेत उभं राहायचं आहे. पासपोर्टासाठी फोटो काढ आणि तेवढ्यापुरती हस.

वाट पाहते,
तुझी ताई

उलानबातर, ता. ११ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र आधी पोचेल की मी, देव जाणे. पोरांनी पहिल्या दिवशी भात करपवला, दुसऱ्या दिवशी खीर केली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. नाचात माझा पंखा उलटा उघडला आणि मंगोल म्हाताऱ्या इतक्या हसल्या, की एकीनं येऊन माझा गालगुच्चा घेतला.

काल दुपारी गवतावर आडवी झाले ती संध्याकाळी उठले. कुणी हाक मारली नाही. जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं, आईनं दार उघडलं असेल. मग आठवलं, तू आहेस. आई मला विचारते का?

तुझी,
मालसुन

कोहुंग, ता. १६ ऑगस्ट

प्रिय मालसुन हिस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र आजच आलं. उत्तर टाकून उपयोग नाही, तू उद्या येशील. म्हणून हे तांदळाच्या माठावर ठेवते. मला हे तोंडानं सांगता येणार नाही, आणि आई मध्ये बोलेल.

माझी कंबर गेली आहे. नऊ रात्री धड झोप नाही. मंगोलियातली पातेली परवडली असती. मी आल्या दिवशी आईनं मला ओळखलं, जवळ घेतलं, पोरी किती वाळलीस म्हणाली. जेवणाची वेळ झाली, मी तांदूळ काढून दिले. तिनं चमचा भरला, एक जावईबापूंचा, एक नातवाचा. मी माझ्या नावाची वाट बघत बसले. तर म्हणाली, एक माझ्या मालसुनचा, परक्या मुलखात गेली आहे, तिला वेळेवर खायला मिळू दे. चमचा शिगोशीग भरला, वर हातानं आणखी चिमूटभर घातले आणि गाठ मारली.

मी विचारलं, आई, सुनदोकचा? तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, ती ही काय समोर आहे.

खोटं कशाला बोलू, लागलं. नऊ दिवसांत इतकं लागलं. रोज रात्री ती दारात जाते आणि तुझी बस आली का विचारते.

उद्या तू दारात आलीस की तुझा चमचा बंद होणार. म्हणून मी ठरवलंय. परदेशच्या फेऱ्या पुरे, यापुढे माझ्या सहली इथे. दर महिन्याला आठवडाभर मी येणार आणि तू जायचंस. चोन्जूला माझ्या घरी जा, बंदरावर जाऊन झोप, कुठेही जा. पण फाटकाबाहेर जा, म्हणजे आई तुझं नाव घेईल.

लोभ वाढव म्हणत नाही, झोप वाढव.
तुझी, समोर बसलेली,
सुनदोकताई