गव्हाचा एकच चमचा

राडिसाव,

सणाचा पाव घेऊन चर्चमध्ये चालले आहे. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला की लगेच येते. तोवर पाहुणे यायला लागतील. शिजवलेले गोड गहू मेणबत्तीशेजारी ठेवलेत. घरात पाऊल टाकणाऱ्यानं आधी त्यातला एक चमचा घ्यायचा, ही रीत पाहुण्यांसाठी आहे, दार उघडणाऱ्यासाठी नाही! गेल्या वर्षी तू प्रत्येकाला सोबत म्हणून एकेक चमचा घेत बसलास आणि शेवटी पाहुण्यांनीच तुला दवाखान्यात नेलं.

ओव्हनमध्ये डुकराचं मटण आहे, आंबवलेला कोबी आणि चीजही आहे. पोटभर खा. बटाट्याकडे बघूसुद्धा नकोस. वर्षभर तोंड बांधून पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीस, बोलत नसले तरी मला दिसतं.

मिलुंकावहिनी म्हणेलच, "एका चमच्यानं कुणी मरत नाही रे बाबा!" तिला सांग, माझी बायको कजाग आहे.

तुझा चमचा मी आल्यावर, तुझ्या वडिलांच्या नावानं. त्यांनाही साखरेनंच नेलं. हे गहू आपण गेलेल्यांसाठी शिजवतो, राडिसाव. तुझ्या नावानं मला ते शिजवायला लावू नकोस.

स्तामेना