चारी बाजूंनी शिवलेली वही

४ जून १९७३, सोमवार. दुपार
दाक्षायणी, माझी नात, पुण्याच्या कॉलेजात निघाली. वीस तारखेची एसटी. घरातली पहिली पोरगी. तिचा बाप, माझा पोरगा चन्नप्पा म्हणाला, डायरी विकत आणून देतो. म्हटलं गप बस, मी हातानं करून देते. जन्मभर वाकळा-गोधड्या शिवल्या, चार कागद शिवायला काय लागतं? तीन दिवसांचं काम. चौथा लागला तर नाव बदलीन.
माया-बिया काही नाही. पोरीवर लक्ष राहावं म्हणून. प्रत्येक पानावर मी तीन ओळी लिहून देणार. काय खाल्लं. कुणाबरोबर गेली. किती वाजता परत आली. तिनं फक्त भरायचं आणि दिवाळीत मला वाचून दाखवायचं.
कागद चन्नप्पाच्या मिलच्या ऑफिसातले, पाठकोरे. एका अंगाला रजेचे अर्ज छापलेत. तीस कागद मधोमध दुमडले. शाई फुटते का बघायला पहिल्या पानावर हे लिहितेय. नंतर फाडून टाकायचं.

५ जून
शाई फुटत नाही. तरी खात्री करायला दुसरं पान.
मी तिसरी पास आहे, चौथीत आठ दिवस बसले. अक्षर अजून सुनेपेक्षा बरं. नागव्वाच्या हाताला चव नाही. आमटी करते की भांडी धुतल्याचं पाणी, कळत नाही.
ट्रायलला पुढची दहा पानं सोडून बाकी पन्नास पानांवर तीन-तीन ओळी लिहिल्या. बोटं आखडली.

७ जून. संध्याकाळ
शिवली. दाभण, दुहेरी दोरा, बारीक टाका. घडीची बाजू झाली, हात सवयीनं खाली वळला, मग पुढं, मग वर. गाठ मारून दोरा तोडला. लई देखणी झाली.
उघडायला गेले तर उघडेना. चारी बाजूंनी शिवली.
वाकळ कधी कुणी उघडून बघतं का? हाताची काय चूक?
हे वरच्या रजेच्या अर्जाच्या कडेला लिहितेय, कारण आत जाता येत नाही.

८ जून
तीन बाजू उसवल्या. कडेनं भोकं राहिली. नागव्वा म्हणे, अत्याबाई, ह्यातनं पीठ चाळता येईल की. ईरप्पा बाइंडरकडं द्या म्हणे. तिला म्हटलं, नक्षी आहे ती. दाक्षीला सांगू नको म्हणूनही बजावलं.
चार दिवस होऊन गेले. नाव बदलायचं म्हणजे रेशनकार्डावरही बदलावं लागेल. राहू दे.

११ जून
कव्हर केलं. जुन्या चादरीचा चांगला तुकडा काढला, मोर असलेला. गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवला. चादर जाड, तिला आपल्या सोलापुरात कोण नावं ठेवील? पण त्या दिवशी वही उघडत नव्हती, आज मिटत नाही. मोर वर तोंड करून उभाच राहतो.
पाट्याखाली दाबून ठेवली. दोन दिवसांत सपाट होईल.

१३ जून
सपाट झाली. पण नागव्वानं त्याच पाट्यावर लसूण-मिरची वाटली. लाल पाणी खाली उतरलं. म्हणे, पाट्याखाली वही असती हे मला काय सपान पडलंय व्हय?
मोराची मान लाल झाली. बरीच दिसते. वास उन्हात जाईल.

१५ जून
वास गेला नाही. उन्हानं खळ तडकली.

१६ जून
ट्रायलची पानं फाडायला घेतली. पहिल्यांदा वरच्या रजेच्या अर्जाची कड ओढली, तर पार शेवटचं पान सुटून हातात आलं. दुमडलेल्या कागदाचं हे असं. हितलं फाडलं की तितलं जातं. तिची पानं का घालवायची? राहू दे. नवी वही कोण पहिल्या पानापासून वाचतं?

१९ जून. रात्र
दिली. दाक्षी पहिल्या पानापासून वाचायला लागली. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. चन्नप्पा हसत होता. दाक्षी म्हणे, अज्जी, ही डायरी हाय का हजेरी? म्हटलं पुढचं पान नको, पुढचं नको. तेवढ्यात आमटी आली.
म्हणजे भांडी धुतल्याचं पाणी. तेही मोठ्यानं वाचलं, मग एकदम थांबली. नागव्वा वाढत होती. पळी पातेल्यात ठेवून आत गेली.
कुणी जेवलं नाही. वही ताटाशीच पडली होती, मी उचलून आणली. मागनं चाखून बघितली, आमटी खरंतर आज बरी होती.

२० जून
गेली. ट्रंक नागव्वानं भरली. वहीला जागा नाही म्हणाली. शेंगाचटणीच्या दोन डब्यांना होती. चन्नप्पानं सात रस्ता चौकातनं आणलेल्या प्लॅस्टिकच्या डायरीलाही होती. ती कधी आणली, मला कुणी बोललं नाही.
दाक्षी म्हणाली, अज्जी, दिवाळीला नेते की. म्हटलं, नेऊ नको, माझं काय अडतंय. एसटी चुकेल, निघ.
वही कोनाड्यात ठेवली.

२ जुलै
पोस्टकार्ड आलं, चन्नप्पाच्या नावावर. पोचले, मेस बरी आहे, अप्पांनी दिलेली डायरी रोज लिहिते. खाली कोपऱ्यात, अज्जीला नमस्कार.
चन्नप्पाला म्हटलं, डायरीत काय लिहिते ते पुढच्या कार्डात कळव म्हणावं. तो म्हणाला, अव्वा, डायरी दुसऱ्याला दाखवायची नसती.
मग काय उपयोग तिचा?

३ जुलै
नागव्वा ताट सरकवते, बोलत नाही. वही कोनाड्यातून काढली. एकोणपन्नास पानं कोरी पडलीत, वर माझ्या तीन-तीन ओळी. कागद वाया का घालवायचा?
काय खाल्लं. भाकरी, आमटी. मीठ कमी. सांगितलं नाही.
कुणाबरोबर गेली. कुठं गेलेच नाही.
किती वाजता परत आली. पोरगी अजून नाही.