तासगाव वगळून जामीन

जिल्हा कारागृह, सांगली
८ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथं फोन मिळतो, पण मागं रांग उभी असते. मला जे बोलायचंय ते रांगेपुढं बोलण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

तू उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात इंटर्न म्हणून लागलीस हे कळलं. वकील न परवडणाऱ्या आरोपींना जेलात भेटून त्यांची बाजू तुम्ही मांडणार! म्हणजे भाऊ सांगलीच्या जेलात आणि बहीण साताऱ्याच्या जेलात. आबांनी पलटणीत एवढी वर्षं काढली ती दोन्ही लेकरांना जेलात बघायला का, असं ते म्हणत असतील.

मलाही वकील तुमच्याच खात्यानं दिलाय. मुकुल वकील. माणूस लय भला. त्यांनी जामीन मिळवला, पण अट अशी की खटला संपेपर्यंत तासगाव तालुक्यात पाय ठेवायचा नाही. मी सरळ नको म्हणालो, ते चिडले. तासगाव सोडलं तर राहायला फक्त साताऱ्याच्या मामाचं घर; तिथं बसून काय करू? श्रद्धा क्लासचं निमित्त काढून सांगलीला येऊ शकते, साताऱ्याला नाही. तिच्यासाठी कॉलेज सोडून तिच्या वडिलांच्या बेदाणा शेडवर टेम्पो चालवला मी. तिची सुपारी फुटत होती तिथं घुसून तिच्या भावाच्या, वीरधवलच्या, कपाळात खुर्ची घातली हेही खरं. पण हे लग्न नको, एवढं तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथनं हलणार नाही.

मुलाखतीला कोण येणार म्हणून विचारलं तेव्हा मी तिचं नाव बायको म्हणून सांगितलं. मैत्रीण म्हणायला जीभच वळेना. परवा हवालदार ओरडला की तुझी बायको आलीय. पळत गेलो तर जाळीपलीकडं कुणीच नाही. बराकीत सगळे पोट धरून हसले. थट्टा कुणी केली ते कळू दे, मग बघतो त्याला.

आईला सांग, जेवतोय. माया पातळ करू नकोस.

तुझा,
ऋषिराज


सातारा
१३ मे २०२५

चि. ऋषिराज यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद देतेय, कारण थोबाडीत द्यायला हात पोचत नाही.

आमच्या सुहासिनी मॅडमबरोबर मी रोज जेलात जाते. जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले लोक शोधायचे, हे माझं काम. कुणाला जामीनदार मिळत नाही, कुणाच्या घरी निरोपच गेलेला नसतो. एक म्हातारे बिराप्पा म्हणून आहेत, न्यायला कुणी नाही म्हणून ते सुटकेचा विषय निघाला तरी रडतात. सांगलीत एक जण अट आवडली नाही म्हणून आत बसलाय असं मी मॅडमना सांगितलं, तर त्यांनी विचारलं की त्याचं डोकं तपासलंय का. तो माझा भाऊ आहे हे सांगायचं धाडस झालं नाही.

आता नीट वाच. तुझी थट्टा कुणी केली नव्हती. श्रद्धा खरंच आली होती.

काल तिनं तिच्या मावशीच्या फोनवरून मला सांगितलं. ती फाटकापाशी बायकांमध्ये बसली होती. हवालदारानं हाक मारली की ऋषिराजची बायको कोण, पुढं या. तासगावचे दोघे तिथंच कुणाला तरी भेटायला आले होते, ते वळून बघायला लागले. ती उठली आणि तशीच स्टँडवर गेली. संध्याकाळपर्यंत वीरधवलच्या कानावर गेलं. तिचा क्लास बंद, फोन काढून घेतला आणि लग्न अलीकडं ओढलं, याच महिन्याच्या अखेरीला.

सुपारी घरच्यांनी तिला न विचारता फोडली होती, तेच तुला सांगायला ती आली होती. आणि फाटकात तिला कळलं की तूही तिला न विचारता बायको करून मोकळा झालायस. ती रडली नाही रे. मी काय करू, एवढंच विचारत होती.

जामीन घे. रागावलेय, तरी तुझीच,
ताई


सांगली
१६ मे

ताई,

तू आणि वीरधवल एकाच माळेचे मणी. ती असं बोलणारच नाही. तुझं पत्र फाडलं. मला पत्र पाठवू नकोस.

ऋ.


सांगली
२० मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

मागचं कार्ड माझं नव्हे, माझ्या डोक्याचं समज.

फाडलेलं पत्र जुळवून पुन्हा वाचलं. भिंतीवर हात आपटला, बोटं सुजलीत. इथं चालायला गेलं तरी चार पावलांत भिंत येते, आणि तिकडं माझ्यामुळं ती घरात कोंडलीय. जाऊन वीरधवलचे पाय धरावेत म्हटलं, तर तासगावात गेलो की जामीन रद्द आणि तिची अब्रू पुन्हा चव्हाट्यावर. न जावं तर लग्न होतंय. कुठनंच वाट नाही.

काल मुकुल वकील आले. या वेळी ते रागावले नाहीत. बाकी सगळं राहू दे, तुम्हाला स्वतःला काय हवंय तेवढं सांगा, असं म्हणाले. मग अट मान्य म्हणून सांगितलं. कोर्टाच्या सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढं कागद झाले की मामा न्यायला येतील.

मला जसं विचारलं, तसं तिला एकदा कुणीतरी विचारायला पाहिजे. मी जाऊ शकत नाही. तू जा. आपल्या शेजारच्या काकींना बरोबर घे, त्यांना त्या घरात कुणी अडवत नाही. तिला एकटीला बाजूला घे आणि हे लग्न हवंय का ते विचार. माझं नाव काढू नकोस. नको म्हणाली तर ती सज्ञान आहे, पुढं काय करायचं ते तुझ्या मॅडमना ठाऊक असेल. हवंय म्हणाली तर अक्षता टाकून ये.

ती काय म्हणाली ते मला सांगायचं की नाही, हेही तिलाच विचार.

तुझा आज्ञेत नसलेला, पण तुझाच,
ऋषिराज