बसक्या कॉम्प्युटरची व्यवस्था

मी, सावळेराम भागूजी कोरडे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी, राहणार बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. झोप मात्र लागत नाही, त्याचं कारण पाचव्या कलमात येईल.

१. बोरीचं राहतं घर माझ्या पश्चात पत्नी कोंडाबाई हिचं. तिच्यानंतर मुलगा दादाभाऊ याचं.

२. बँकेतली ठेव कोंडाबाईचीच. दादाभाऊ चाकणला कंपनीत आहे, त्याला कमी नाही. तो रागावणार नाही असं वाटतं. रागावणार असेल तर त्याने आताच सांगावं.

३. नारायणगावच्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानाचा गाळा भाड्याचा आहे. आतलं कागद कापायचं यंत्र आणि प्रिंटर सून वैजयंती हिला. दुकान तीच चालवते. यंत्राचं पातं उघडं ठेवू नये. रोज सांगतो, इथेही लिहून ठेवतो.

४. चुलतभाऊ सयाजी यास काही नाही. दादाभाऊच्या पत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत आलं म्हणून तो लग्नात जेवला नाही. वयाप्रमाणे त्याची ओळ दुसरीच होती. दहाव्याला आला तर चहा द्यावा.

५. आता कॉम्प्युटर. हा बसका, पाटावर मावेल एवढा डबा आहे. पत्रिकेचा प्रोग्रॅम त्याच्या पाठीला लावलेल्या किल्लीवर, म्हणजे डाँगलवर, चालतो; ती काढली की प्रोग्रॅम उघडत नाही. तशी किल्ली लावायची जागा नव्या मशीनला नसते. आत गावोगावच्या पत्रिका आहेत. धाकट्याचं लग्न ठरलं की थोरल्याची उघडायची, नावं तशीच ठेवून नवरा-नवरी बदलायचे. आत्याचे यजमान कितव्या ओळीत, हे पुन्हा विचारावं लागत नाही.

पण डबा थकला आहे. वैजयंती म्हणते, "अण्णा, एक पत्रिका उघडंस्तोवर माझा चहा गार व्हतो. नवी डिस्क टाकू, रॅम वाढवू. नाय तर दुकान तुमी सांभाळा, मी मंचरला फ्लेक्सवाल्याकडं जाते." ती थट्टेत बोलत नाही. फ्लेक्सवाल्याने तिला बोलावलं आहे. ती गेली की दुकान संपलं.

मी भितो ते उगाच नाही. बाजारातल्या एका छपाईवाल्याने मशीन बदललं, जुनी पत्रिका नव्यात उघडली, तर खालच्या दोन ओळी पानाबाहेर गेल्या. गेल्या त्या मामांच्या. पत्रिका वाटून झाल्या. मुहूर्ताला मुलीच्या पाठीशी उभं राहायला एकही मामा उठेना. शेवटी शेजारचा माणूस उभा केला.

वैजयंती म्हणते, जुन्या डिस्कमधलं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवता येतं, किल्ली आहे तिथेच राहील. विंडोजही जुनंच ठेवू, फक्त त्या डब्याला इंटरनेट लावायचं नाही. मी म्हणालो, उतरवताना लाईट गेली तर? ती म्हणाली, "तर जुनी डिस्क हाये की! ती काय पळून चाललीय?" तरी माझी भीती गेली नाही.

म्हणून आधी असं लिहिलं होतं, की मी असेपर्यंत डबा उघडू नये, नंतर काय ते करावं. साक्षीदार भिमाजी बाजूलाच बसला आहे. तो म्हणाला, "घर एका ओळीत उरकलंस आन् डब्याला पान लागलं व्हय रं? तू मरायची वाट बघत ती पोर थांबनार हाये का?" मी म्हणालो, "आन् बिघडलं तर?" "मेल्यावर बिघडलं तर तुला दिसनार बी न्हाई, राव!"

तेच मला सहन होणार नाही. सबब ते लिखाण खोडून पुढीलप्रमाणे ठरवतो. येत्या गुरुवारी, तुळशीच्या लग्नानंतरची घाई सुरू होण्याआधी, वैजयंतीने डबा उघडावा. जुनी डिस्क कापडात बांधून कपाटात ठेवावी. डबा त्याच दिवसापासून तिच्या मालकीचा, माझ्या मरणाची वाट पाहू नये. पुढे तो ठेवावा की टाकावा, तिने मला विचारू नये. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन, पण बोलणार नाही.

भिमाजी हसतो आहे. बरं, कमी बोलेन.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून पाहिलं, खोडलेल्या जागी सही केली, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर खाली सही करत आहे.

ठिकाण : बोरी बुद्रुक
दिनांक : ७ ऑक्टोबर २०२५

सही : सावळेराम भागूजी कोरडे

साक्षीदार :
१. भिमाजी कोंडाजी जाधव, बोरी बुद्रुक
२. नूतन दत्तात्रय शिंदे, नारायणगाव