सरजाबाईचं चाक

लातूर,
१४ सप्टेंबर १९८३

प्रिय यशू,

जयभीम. लाकूड कातायचा खराद उभा करायला काय काय लागतं, असं तू कार्डात विचारलंस. माझ्या खरादाला लागलं ते असं: लाकूड फिरवायला बैल नसलेल्या गाडीचं एक चाक, गिरणीच्या भंगारातला एक लोखंडी दांडा, माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख, पहिल्या उन्हाळ्यात फुटून चुलीत गेलेली पोतंभर लाटणी, आणि तुझ्या आईचा उजवा खांदा. यातलं शेवटचं कलम तू तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चाळीस माणसांपुढं मला मोठ्यानं ऐकवलंस. बाबांनी आईला बैलासारखं चाकाला जुंपलं, त्या चाकानंच तिला खाल्लं, असं म्हणालीस. डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणाले होते. त्यानंतर पाच महिने तुझं पत्र नाही. आता हे सहा ओळींचं कार्ड. श्रीमंतरावांचं मिरचीच्या अड्ड्यावरचं काम सुटलं, पुढच्या पडवीत खराद टाकायचा विचार आहे, सुरुवात कशी करावी ते कळवा. आणि सगळ्यात खाली रेघ मारून: मी चाक फिरवणार नाही, हे आधीच सांगते.

बरोबर आहे तुझं. फिरवू नको. चाकाचं पुढं लिहितो. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देतो, कारण जावईबापूंचा स्वभाव मला माहीत आहे. पत्र वाचायच्या आधीच ते पटाशी घेऊन उभे राहतील.

त्यांना सांग, पहिले आठ दिवस काही बनवायचं नाही. हातभर लांबीचा, मनगटाएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि त्याचे चार कोपरे काढून तो गोल करायचा. गोल झाला की दुसरा. लाकूड लिंबाचं घ्या, बाभळीच्या नादी लागू नका, बाभूळ शिकणाऱ्याचा हात तोडते. पटाशी ज्या टेक्यावर ठेवायची तो टेका लाकडापासून बोटभर अंतरावर हवा, जास्त नाही. सुरू करायच्या आधी लाकूड हातानं एकदा पूर्ण फिरवून बघायचं, कुठं अडतं का. सुरू करताना त्याच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. गळ्यात रुमाल नको, बाही सुटी नको. पटाशी आधी टेक्याला टेकवायची आणि मग लाकडाला लावायची. हे उलटं झालं की काय होतं ते माझ्या नखाला विचार. पटाशीची पाठ लाकडावर नुसती घासू द्यायची, मग मूठ हळूहळू वर घ्यायची, आणि ढलपी सुटायला लागली की तिथंच थांबायचं. भुसा उडायला लागला तर पटाशी बोथट झाली समजा, जोर वाढवू नका, धार लावा.

आणि आवाज. ही सगळ्यात मोठी गोष्ट. लाकूड नीट चाललं असलं की झोपलेल्या लेकरासारखा एका लयीत श्वास घेतं. आत चीर असली की त्या श्वासात मधूनच उचकी लागते. उचकी ऐकू आली की दुसऱ्या उचकीची वाट बघायची नाही.

तुला माहीतच आहे, लातुरात मला केरबा खरादी कुणी म्हणत नाही, कानवाला केरबा म्हणतात. गिऱ्हाईक आलं की मी बोटाच्या पेरानं लाकूड ठोकायचो, डोळे मिटायचो आणि खाजामियाँची गोष्ट सांगायचो. दुष्काळाचं साल, नांदेडात खाजामियाँचं दुकान, खरादावर पलंगाचा पाय चढवलेला, आणि एकाएकी आवाज बदलला. तीस वर्षं खराद चालवणाऱ्या माणसाला कळलं नाही, पण काम थांबवलं गेलं म्हणून वाचले. खाली उतरवून बघतात तर पायात वीतभर चीर. खाजामियाँनी पटाशी खाली ठेवली आणि म्हणाले, "या अल्ला, क्या कान है!" ही गोष्ट तू लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीस. मी ती सांगायला लागलो की तुझी आई चाकापाशी पदर तोंडाला लावून बसायची. तुला वाटायचं, लाजते.

तू त्या सालात जळकोटला आजीपाशी होतीस, दहा वर्षांची. आम्ही तुला ठेवून गेलो ते तू अजून विसरली नाहीस, हेही मला माहीत आहे. पण नेलं असतं कुठं? तळ्याच्या कामावर तीन महिने खडी फोडली, मग ते कामही बंद झालं. नांदेडला लाकडाच्या अड्ड्यावर मी ओझी उचलायला लागलो. त्या साली लाकूड उदंड आलं होतं. झाडं उभ्या उभ्या वाळली होती, लोक ती तोडून गाड्याच्या गाड्या आणून टाकत होते. वरून बघावं तर वाळलेलं, खणखणीत, कामाला तयार. पण तहानेनं वाळलेलं लाकूड सावलीत वाळलेल्या लाकडासारखं नसतं. ते आतून चिरतं आणि वर काही दाखवत नाही. त्या वर्षी नांदेडातल्या किती खरादींची डोकी फुटली, विचारू नको.

खाजामियाँचा चाक फिरवणारा माणूस हैदराबादला निघून गेला म्हणून त्यांनी तुझ्या आईला ठेवलं. बाईमाणूस चाक फिरवून राहिलंय म्हणून गल्लीतली पोरं बघायला यायची. तुझी आई त्यांना म्हणायची, "बघता काय रे, तिकीट लावू का?" संध्याकाळी मी तिला घ्यायला जायचो आणि दारात उभा राहून खाजामियाँचे हात बघायचो. आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी सुतार झाला नव्हता. हे आपल्याला जमंल का, असं मी तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "हात तुमचे असू द्या, बाकीचं मी बघते." तेव्हा मला वाटलं, बाकीचं म्हणजे चाक.

माझे कान तिखट आहेत, यात खोटं काही नाही. आपला हा लातूरचा पसारा त्याच कानांनी कमावला. एक्याऐंशी साली, नांदेडात आमचा खराद टाकून आठ वर्षं झाल्यावर, तिथल्या बसस्टँडवर चहा पीत होतो. मागच्या बाकावर दोन कारकून बोलत होते. एक म्हणाला, लातूर जिल्हा होणार, आता पक्कंच. दुसरा म्हणाला, हाव, पण बसायला खुर्च्या कुठं हायत? मी चहा तसाच ठेवून उठलो. महिन्याभरात आम्ही चाक, दांडा आणि भांडी घेऊन लातुरात आलो. तुझी आई म्हणाली, "जिल्हा झाला न्हाई तर?" मी म्हणालो, कारकून चहा पिताना खोटं बोलत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये जिल्हा झाला आणि टेबलांच्या पायांना लोक रांगा लावायला लागले. एका नव्या कचेरीच्या जिन्याच्या कठड्याला चोवीस दांडे हवे होते. ते मी काढले, एकही फुटला नाही. इंजिनियर बघायला आले, म्हणाले, केरबा, गुपित काय? मी कानाला बोट लावलं. मागं चाक थांबलं होतं, तुझी आई घाम पुसत होती. इंजिनियरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी तरी कुठं बघितलं.

चोवीस दांड्यांनंतर तिचा खांदा उचलेना. वेणी घालायला शेजारच्या कमलम्माला बोलवावं लागायचं. म्हणून मी मोटर आणली. यशू, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू म्हणालीस त्यातलं अर्धं खरं आहे, मी तिला चाकाला जुंपलं. पण सोडवलंही मीच, आणि माझ्या मनानं फार मोठी मेहेरबानी करून. मोटरीला फुलं वाहिली, पेढे वाटले, आणि दहा माणसांपुढं तिला म्हणालो, सरजाबाई, सुटलीस बघ, आता तुझं इथं काही काम नाही. ती हसली. चाकाच्या मुठीवर आपला जुना रुमाल बांधला होता, तो सोडून घडी करून आत घेऊन गेली.

दुकान आणि घर यांच्यामधे पत्र्याची भिंत आहे, तू बघितलीच आहेस. तुझी आई पलीकडं भाकरी करायची. मी मोटर लावली, की कधीतरी पलीकडून आवाज यायचा, "थांबा!" एकदा, दोनदा मी थांबलो. खरंच चीर निघाली. तिसऱ्यांदा दुकानात एक ठेकेदार आणि त्याची दोन माणसं बसली होती. पलीकडून आली हाक. ठेकेदार हसला आणि म्हणाला, "काय कानवाले, कान भाड्यानं आणलाय का काय?" त्याची माणसंही हसली. मला ते फार लागलं. मी पत्र्यावर थाप मारली आणि म्हणालो, "तुला काय कळतंय खरादातलं? तवा बघ, भाकर करपली."

भाकर करपली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून पलीकडून हाक आली नाही. त्याच आठवड्यात पाळण्याचा एक दांडा लावला होता. लांब, सागवानी, देखणा. मोटर चालू होती आणि मला काही वेगळं वाटत नव्हतं. पलीकडं तिची पावलं पत्र्याजवळ आली. ती मला ऐकू आली, बरं का, माणसाची पावलं मला ऐकू येतात. पत्र्याला लागून ती थांबली. तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. मग लाकूड फुटलं. भुवईवरची ही खूण त्याचीच, तू विचारलंस तेव्हा दाराची चौकट लागली असं सांगितलं होतं. ती धावत आली, पदर फाडून बांधला. रक्त थांबल्यावर मी विचारलं, तुला आधी कळलं होतं का? ती म्हणाली, "आईकू आलं की. पर तुमीच म्हणलाव, तुला काय कळतंय."

रागानं नव्हती म्हणाली.

त्यानंतर तीन महिने ती जगली. मी तिला परत कधी म्हणालो नाही, की सरजा, हाक मारत जा. रोज म्हणायचं ठरवायचो. रोज दुकानात कुणीतरी बसलेलं असायचं.

आता चाकाचं. मोटर बसवल्यापासून जितकी लाकडं मी लावली, त्यातली निम्मी फुटली. आधी वाटलं, मोटरीचा वेग. मग वाटलं, लाकूडच खराब येतंय. ती गेल्यावर एक दिवस दुकान बंद करून मी जुनं चाक पुन्हा जोडलं, शेजारच्या शेषेरावच्या मुलाला फिरवायला बसवलं, आणि तेच लाकूड, तीच पटाशी घेऊन कातायला लागलो. तेही फुटलं. पोरगं चांगलं दणकट होतं, चाक न थकता फिरवत होतं. तेव्हा उमगलं. तुझी आई चाक असं कधीच फिरवत नव्हती. ती मधेच मंदावायची, मधेच थांबायची, आणि मी समजायचो, दमली. चाक मंदावलं की पटाशीचा दाब आपोआप कमी व्हायचा, लाकूड वाचायचं. नऊ-दहा वर्षं मी तिच्या दमण्यावर चिडत आलो. लवकर फिरव गं, असं किती वेळा म्हणालो, ते तूही सुट्टीत आली असशील तेव्हा ऐकलं असशील. उचकीचं आणि श्वासाचं जे वर लिहिलं, ते माझं नाही. ते तिचं बोलणं आहे. माझ्या कानानं ते कधी धरलं नाही.

म्हणून हे पत्र. पुढच्या मंगळवारी व्यंकटचा टेम्पो तुमच्या धर्माबादला जाणार आहे. त्यात मोटर, पट्टा, सगळ्या पटाश्या आणि लिंबाचे चाळीस तुकडे पाठवतोय. उतरवून घे. चाक पाठवत नाही, ते माझ्यापाशी राहील. आईचा रुमाल मात्र पुन्हा चाकाच्या मुठीला बांधायचा नाही, म्हणून तुला पाठवतोय, पटाश्यांच्या पेटीत आहे. श्रीमंतरावांना माझा निरोप असा: मोटरीचं बटण यशूच्या हाताजवळ बसवायचं, तुमच्या नाही. ती कणीक मळत असेल, पुस्तक वाचत असेल, नुसती बसली असेल, पण पडवीत असू द्या. लाकूड आधी तिनं ठोकायचं. ती थांबा म्हणाली की दुकानात कलेक्टर बसलेला असला तरी थांबायचं. लहानपणी आंधळ्या म्हाताऱ्याच्या काठीवरून तो कोणत्या गल्लीत आहे ते तू घरात बसून सांगायचीस. आजीनं सांगितलं होतं मला. मी तेव्हाही म्हणालो, बापाचे कान घेतले पोरीनं.

तेच एक दुरुस्त करायचं राहिलं होतं. नांदेडात त्या दिवशी चाक तुझ्या आईनं थांबवलं. खाजामियाँ तिच्याकडं बघून बोलले. मी तेव्हा रस्त्यावर गाड्यावरून लाकडं उतरवत होतो.

तुझाच,
बाबा